‘धडधाकट माणसाला काय कळणार’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

अपंगत्वाकडे डॉक्टर कसे बघतात, या माझ्या मागच्या लेखावर ‘एक जागरूक नागरिक’ नावानं लांबलचक प्रतिक्रिया आलीय. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नको ते लिहून गेलो असतो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी सगळं डॉक्टरी चष्म्यातून लिहिलं, कायद्याची माहिती जुनी दिली, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लोकांचे हाल होतात त्यावर अवाक्षर काढलं नाही, ‘अपंग’ शब्द वापरला, असं त्यांचं म्हणणं. आणि मग हे वाक्य: ‘दिव्यांगत्व शरीरात नसतंच, ते समाजानं बांधलेल्या पायऱ्यांत असतं, पण हे घरी बसून लिहिणाऱ्या धडधाकट माणसाला काय कळणार.’

आधी चूक मान्य करतो. कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार असं मी लिहिलं होतं, ते 1995 च्या कायद्यातले. 2016 च्या कायद्यात 21 आहेत, थॅलेसीमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ला झालेले, सगळे त्यात आले. लेखात दुरुस्ती केलीय, आभार. पण हे एका ओळीत सरळ सांगता आलं असतं की. ‘आधी अभ्यास करा मग पेन उचला’ असं अंगावर यायची काय गरज होती?

आता ते वाक्य.

साहेब, किंवा ताई, नावावरून कळत नाही, मी धडधाकट नाही. 1973 साली मी दीड वर्षाचा असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. आई घरी विड्या वळायची, वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे. लेखात हे लिहिलं नव्हतं कारण दर वेळी आधी पाय दाखवायचा आणि मग बोलायचं ही मला सवय नाही. तुम्ही दाखवायला लावलात.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या त्या पेशी मारतो ज्या स्नायूंना हुकूम देतात. स्पर्शाच्या पेशी शाबूत राहतात. म्हणजे माझ्या डाव्या पायाला चिमटा काढला तर कळतं, चटका बसला तर कळतं, पण हल म्हटलं तर हलत नाही. मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघा मधेच दुमडतो, म्हणून पाऊल टाकताना डाव्या हातानं मांडी दाबून गुडघा मागं ढकलायचा. मी 50 वर्षं असाच चालतोय. माझ्या प्रत्येक पँटचं कापड डाव्या मांडीवर आधी विरतं, आमचा टेलर आता न विचारता तिथं आतून अस्तर लावतो. हे पायऱ्यांत आहे का? सपाट फरशीवरसुद्धा विरतं हो ते.

आणि डॉक्टरी चष्मा म्हणजे काहीतरी वाईट, असं जे तुम्ही गृहीत धरलंय ना, त्याचं जास्त वाईट वाटलं. मला ताप आला होता तेव्हा आईनं आंघोळ घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. पुढची 15 वर्षं ती हेच धरून बसली की माझ्या हातानं झालं. गल्लीत कोण म्हणायचं नजर लागली, कोण म्हणायचं मागच्या जन्मीचं. सिद्धेश्वराला नवस झाले. मग 1988 मध्ये एका शिबिरात डॉक्टर भेटले, त्यांनी तिच्याशी तेलुगूत बोलून (आमच्या घरी तेलुगू बोलतात) केसपेपरच्या मागं पाठीचा कणा काढून दाखवला. सांगितलं की हा रोग तोंडावाटे, घाण पाण्यातनं जातो, बहुतेक पोरांना साधा ताप येतो नाहीतर तेवढंही नाही, 200 जणांत एखाद्याचाच हातपाय जातो, आंघोळीचा काही संबंध नाही. येताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. घरी आली, चप्पल काढायच्या आधी शेजारच्या काकूंना हाक मारली आणि म्हणाली, पाण्यातनं आलतं म्हणं, माझ्यामुळं नाही. हे तिला समाजानं नाही सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं.

पंचेचाळिशीत माझा ‘चांगला’ उजवा पाय पण दमायला लागला. सगळे म्हणाले व्यायाम वाढव, मी वाढवला, पाय अजून खचला. मग कळलं याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. लहानपणी वाचलेल्या पेशी फांद्या फोडून बेवारस स्नायूंनाही सांभाळतात, दुप्पट-तिप्पट काम ओढतात आणि तीस-चाळीस वर्षांनी थकतात. तिथं दमेपर्यंत व्यायाम म्हणजे उलटं नुकसान. रात्री अंथरुणात पोटरी ठणकते तेव्हा तिथं कुठल्या पायऱ्या आणि कुठला रॅम्प?

पायऱ्यांचा मुद्दा खोटा, असं मी कुठं लिहिलंय दाखवा. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या ज्या अपंग लोकांच्या संघटनेनं तुमचा हा विचार स्पष्ट मांडला, त्यांनीसुद्धा इम्पेअरमेंट वेगळं आणि डिसॅबिलिटी वेगळी धरली होती. शरीरातली उणीव एक, समाजानं वर लादलेली अडवणूक दुसरी. शरीरात काही नसतंच असं त्यांनीही म्हटलं नाही. तुम्ही अर्धंच वाचून आलात आणि अभ्यास करायला मला सांगता.

दाखल्याचे हाल, मान्य, मलाही झालेत, त्यावर वेगळं लिहीन. दिव्यांग की अपंग, यावर वाद घालत नाही, माझ्या पहिल्या दाखल्यावर अपंग लिहिलंय, मी तेच म्हणतो.

आणि ज्या सरकारी ऑफिसच्या पायऱ्यांचं उदाहरण तुम्ही दिलंत ना, त्यावरून तुम्ही सोलापूरचेच दिसता. त्या 14 आहेत. त्याच दाखल्यासाठी पाच वेळा चढलोय मी, हात मांडीवर ठेवून, आणि वरून सातवीचा कोपरा फुटलाय.