गोल क्रोशेकामात टाके ‘दुप्पट’ करण्याविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

“गोल विणताना प्रत्येक फेरीत टाके दुप्पट करा, म्हणजे 6, 12, 24, 48; काम सपाट येईल,” असा संदेश नाशिकमधील विणकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

मुक्या खांबाने, म्हणजे सुईवर आधी दोरा न घेता घातलेल्या आखूड टाक्याने, 6 टाक्यांवर सुरुवात केल्यास पुढील फेऱ्या 12, 18, 24, 30 अशा येतात. फेरीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या सुमारे 6.28 पट वाढतो, आणि मुका खांब जवळपास जितका उंच तितकाच रुंद असल्याने ती जागा साधारण 6 टाक्यांनी भरते. उंच खांबाला, म्हणजे सुईवर आधी एकदा दोरा घेऊन घातलेल्या सुमारे दुप्पट उंच टाक्याला, म्हणूनच सहसा 12 टाक्यांची वाढ लागते.

दुसऱ्या फेरीत 6 चे 12 होतात, हे खरे. गैरसमज बहुधा तेथूनच झाला असावा. तिसऱ्या फेरीत मात्र एका घरात, म्हणजे आधीच्या फेरीच्या एका टाक्यात, एक आणि पुढच्या घरात दोन, तर चौथीत दोन घरांत एकेक आणि तिसऱ्यात दोन टाके घालायचे असतात. पंचवटीत आमच्याकडे शिकणाऱ्या एका ताईंनी संदेशाप्रमाणे विणलेल्या आसनाची कड चौथ्या फेरीतच झालरीसारखी उठली होती. आपलाच हात बसलेला नाही, असे समजून नवशिक्या भगिनी सगळे उसवतात, याचे फार वाईट वाटते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि जिथे पाठवला असेल, त्या गटावर हा खुलासा द्यावा.