"आईला सांगू नको" असं भाचा म्हणाला तेव्हापासून डोक्यात बसलेलं

माझा भाचा ११ वर्षांचा आहे. महिन्याभरापूर्वी रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला, "मावशी जागी आहेस का, एक सांगायचंय पण आईला सांगू नको." मला वाटलं परीक्षेत मार्क कमी पडले असतील. फोन लावला तर पलीकडे नुसतं मुसमुसणं.

झालं होतं असं की गेममध्ये त्याला एक "दादा" भेटला होता, दोन महिने रोज सोबत खेळायचा, हरला तर समजूत काढायचा, वाढदिवसाला एक स्किन (गेममधल्या पात्राचा वेगळा पोशाख) पण गिफ्ट दिली. मग म्हणाला इथल्या चॅटमध्ये नीट बोलता येत नाही, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे गेल्यावर घरी कोण कोण असतं, आई कामावरून कधी येते, मग एक फोटो पाठव, मग वेगळा फोटो पाठव. याने पाठवला नाही (मी तीनदा विचारून खात्री केली), पण त्या माणसाने धमकी दिली की फोटो नाही दिलास तर तुझं अकाउंट बंद करायला लावीन, आणि आईला सांगितलंस तर तुझाच टॅब जाईल.

आठ दिवस हे पोर एकट्याने ते सहन करत होतं. आई शेजारच्या खोलीत.

मी विचारलं, अरे आईला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "आई म्हणाली होती काही उलटसुलट दिसलं तर गेम कायमचा बंद." ताई अजिबात कडक आई नाहीये हो. आपण सगळेच हे वाक्य बोलतो, स्वयंपाक करता करता, काळजीपोटी, आणि विसरून पण जातो. पण नीट बघा, त्या माणसाची धमकी आणि आपलं वाक्य एकच आहे. त्याला नवीन काही शोधावंच लागलं नाही, आपण आधीच मुलाच्या मनात घालून ठेवलेली भीती त्याने फक्त वापरली. हे कळल्यापासून मला नीट झोप लागलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सेटिंग, पासवर्ड, ॲप वगैरे सगळं करा, पण त्याच्या आधी मुलाला समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगा की गेममध्ये काहीही झालं, तुझ्याकडून चूक झाली असली तरी, तू मला सांगितलंस म्हणून गेम काढून घेणार नाही. आणि मग तो शब्द पाळा, कारण एकदा मोडलात तर पुढच्या वेळी ते पोर मावशीला पण सांगणार नाही.

त्या रात्री मी त्याला म्हटलं की आईपासून हे लपवता येणार नाही, पण आपण दोघं मिळून सांगू आणि टॅब जाणार नाही हे आधी मी तिच्याकडून कबूल करून घेते. ताईने ऐकलं आणि पहिल्यांदा त्याला नुसतं जवळ घेतलं. मग आम्ही सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले, त्या माणसाचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक लिहून घेतली, मग गेम आणि ते दुसरं ॲप अशा दोन्हीकडे रिपोर्ट केलं आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. हा क्रम लक्षात ठेवा प्लीज. घाबरून आधी ब्लॉक करतात किंवा चॅट डिलीट करतात आणि मग हातात पुरावाच राहत नाही. त्या माणसाशी भांडायला जाऊ नका, मूल बनून त्याच्याशी बोलायला तर अजिबात नको. फोटो मागितला असेल किंवा धमकी असेल तर पोलिसांकडे जा, आम्ही पण गेलो. आणि फोटो खरंच गेला असेल तरी सगळं संपलं असं नाही, पैसे मागितले तर देऊ नका, दिले की आणखी मागतात. १८ वर्षांखालच्या मुलांच्या अशा नग्न किंवा अर्धनग्न फोटोंसाठी अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची २०२३ पासूनची 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे. त्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

आणखी एक, "मुलगी नाहीये ना, मग कसली काळजी" हे मी गेल्या महिन्यात चार जणांकडून ऐकलं. पैशासाठी फोटोवरून धमकावण्याच्या प्रकारात सापडणारे बहुतेक १४ ते १७ वयाचे मुलगेच असतात असं अमेरिकेच्या तपास संस्थेने, एफबीआयनेच सांगितलंय. मुलग्यांना लाज जास्त वाटते आणि ती सांगायची सवय आपण त्यांना लावलेली नसते.

आता सेटिंगबद्दल. गेमवरचा वयाचा आकडा बघून आपण निर्धास्त होतो, युरोपातल्या पेगी (PEGI) या रेटिंगचे ३, ७, १२, १६, १८ असे असतात ना ते. पण तो आकडा मुख्यतः गेममध्ये काय दाखवलंय याचा असतो, तिथे तुमच्या मुलाशी कोण येऊन बोलणार याची खात्री तो देत नाही. ७ वाल्या गेममध्ये पण चाळिशीचा माणूस चॅट करू शकतो. त्यामुळे पहिलं काम, चॅट आणि व्हॉइस चॅट कोणाशी चालू आहे ते बघा आणि लहान मुलांसाठी फक्त ओळखीच्या मित्रांपुरतं ठेवा, ओळखीचे म्हणजे ज्यांना तो प्रत्यक्ष भेटलाय असे. कंपनीने लहान मुलांसाठी आधीच बंद ठेवलं असेल असं धरून चालू नका. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेत २०२२ मध्ये जी कारवाई झाली त्यात हाच आरोप होता की मुलांसाठी पण व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट आपोआप चालू ठेवलं होतं. मुलांच्या प्रायव्हसीच्या कायद्याखाली २७.५ कोटी डॉलर दंड आणि नकळत खरेदी व्हावी अशी बटणं ठेवल्याबद्दल ग्राहकांना परत द्यायला वेगळे २४.५ कोटी.

दुसरं म्हणजे जन्मतारीख. मुलं अकाउंट काढताना बिनधास्त खोटं वर्ष टाकतात, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा आपणच टाकून देतो, लवकर व्हावं म्हणून. मग सिस्टीमच्या लेखी तो मोठा माणूस, लहान मुलांसाठीची एकही बंधनं त्याला लागत नाहीत. भाच्याच्या अकाउंटवर तो २४ वर्षांचा होता! खरं वय टाकून, आईबाबांच्या अकाउंटला जोडून नवीन अकाउंट काढलं, जुनं जाताना रडला, पण केलं. स्विच, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन या गेम खेळायच्या मशीनवर सगळीकडे पालकांसाठी सोय आहे, अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम. अर्ध्या तासाचं काम आहे, मुलाला शेजारी बसवून करा, त्याच्या नकळत नको. कार्ड सेव्ह ठेवू नका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. फुकट कॉइन मिळतील म्हणून कोणी लिंक दिली किंवा ओटीपी मागितला तर तो चोरच, हे मुलांना पाठ करून घ्या.

वेळेबद्दल मी फार बोलणार नाही, प्रत्येक घर वेगळं. फक्त ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही हे मोठ्यांना माहीतच नसतं, सोडली तर टीम हरते आणि काही गेममध्ये शिक्षा पण लागते. "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणून ओरडण्यापेक्षा "ही मॅच संपली की" म्हणा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. आणि लगेच व्यसन व्यसन करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान होऊनही न थांबणं आणि हे साधारण १२ महिने चालणं असं सगळं त्यात बघतात. सुट्टीत चार तास खेळला म्हणजे आजारी नाही.

सगळ्यात उपयोगी काय पडलं विचाराल तर मी त्याच्यासोबत खेळायचे. वाईट खेळते, पण त्यामुळे स्किन म्हणजे काय, लॉबी (मॅचआधी सगळे जमतात ती जागा) म्हणजे काय हे त्याला मला समजावून सांगावं लागलं नाही, तो सरळ मुद्द्यावर येऊ शकला. ताई तेव्हा खेळत नव्हती, आता रविवारी खेळते, हेडफोन बाजूला ठेवून हॉलमध्ये, म्हणजे कोण काय बोलतंय ते सगळ्यांना ऐकू येतं.

परवा त्याला पुन्हा एका अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली. त्याने स्क्रीनशॉट काढून लगेच विचारलं, "हा कोण आहे, ब्लॉक करू?" मला नाही विचारलं, ताईला.