मुठेत जिवाणूंचा तुटवडा नाही

गेल्या आठवड्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. सार असं : 'आपल्या आनंद मोहन चक्रवर्तींनी पन्नास वर्षांपूर्वी तेल खाणारा जिवाणू बनवला, अमेरिकेने त्यावर समुद्र साफ केला. आता प्लास्टिक आणि जड धातू खाणारेही आलेत. मुठेत दोन पिंपं ओतली की सहा महिन्यांत तळ दिसेल. पण मग टेंडरं कशी निघणार? म्हणून परवानगी देत नाहीत.' खाली तिरंगा, जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं घाण मोजण्याच्या, म्हणजे बीओडीच्या, बाटल्या भरण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

चक्रवर्तींचं नाव खरं, अभिमानही रास्त. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी स्यूडोमोनास कुळातल्या एकाच जिवाणूत चार प्लास्मिड, म्हणजे डीएनएची सुटी वेटोळी, आणून बसवली. त्यातली दोन एकत्र नांदेनात, तर अतिनील किरणांचा मारा करून ती जोडून टाकली. पेटंटचा अर्ज 1972चा. 1980 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की माणसाने घडवलेल्या सजीवावर पेटंट मिळू शकतं. गाजला तो हा खटला. समुद्र साफ करायला तो जिवाणू कधी सोडलाच नाही.

1989मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर फवारलं ते खत. तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासूनच होते. तेलातून कार्बन भरपूर मिळत होता, पण नत्र आणि स्फुरद नव्हतं, म्हणून ते अडून बसले होते. नुसत्या तुपावर कोण किती दिवस काढेल?

प्लास्टिक खाणाऱ्याचं थोडक्यात : 2016मध्ये जाहीर झालेला तो जिवाणू जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ सापडला. पीईटीची, म्हणजे बाटल्यांच्या प्लास्टिकची, पातळ फिल्म फस्त करायला त्याला 30 अंशांच्या उबेत सुमारे सहा आठवडे लागले. नदीकाठच्या झुडपांना लटकलेल्या पिशव्या पॉलिथिनच्या, ते प्लास्टिकच वेगळं.

आणि धातू कोणीच खात नाही. शिसं हे मूलद्रव्य, ते पचून संपत नाही. जिवाणू फार तर रूप बदलतात. विषारी क्रोमियमचं कमी विषारी क्रोमियम होतं, हे उपयोगाचं आहे. पाऱ्याचे क्षार काही जिवाणू पाऱ्याच्या वाफेत बदलतात. मग ती वाफ हुंगायची कोणी?

आता मुठा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. आपल्याकडे बाटली 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात. काही कारखान्यांच्या पाण्यात जिवंत काही उरलेलंच नसतं, तिथे आम्हाला बाहेरून जिवाणू घालावे लागतात. शहरी सांडपाण्यात आजवर कधी घालावे लागले नाहीत. उलट ते पाणी भरपूर पातळ करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी बाटलीतला ऑक्सिजन संपतो. कारण साधं आहे. लिटरभर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो जेमतेम 7-8 मिलिग्रॅम आणि कच्च्या सांडपाण्याची भूक असते 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. संगमावर उन्हाळ्यात जो वास येतो तो जिवाणू नसल्याचा नाही. ऑक्सिजन संपल्यावर दुसरे जिवाणू कामाला लागलेत, त्यांचा आहे. तिथे आणखी दोन पिंपं ओतणं म्हणजे आठ माणसांच्या जेवणावर बसलेल्या दोनशेंच्या पंगतीत आणखी पन्नास पाहुणे बसवणं.

शिवाय प्रयोगशाळेत लाडात वाढलेला जिवाणू नदीत उतरला की स्थानिक जिवाणू त्याला टिकू देत नाहीत. जादा जनुकं वाहणं हे त्याच्यासाठी ओझंच.

राहिली परवानगी. जनुकं बदललेले सूक्ष्मजीव उघड्यावर सोडायला केंद्राच्या समितीची मंजुरी लागते, ती पर्यावरण कायद्याखालच्या 1989च्या नियमांनी. ही अट खास मुठेसाठी घातलेली नाही. अमेरिकेतही 1996मध्ये ओक रिजच्या प्रयोगशाळेने असे जिवाणू सोडले ते मातीने भरलेल्या बंदिस्त टाक्यांमध्ये.

टेंडरबद्दलचा राग मात्र मला समजतो. जपानच्या कर्जातून होणारा सुमारे 990 कोटींचा प्रकल्प 2016मध्ये मंजूर झाला, 11 शुद्धीकरण केंद्रांचा, आणि काम किती रेंगाळलं ते पुणेकरांना सांगायला नको. पण त्या केंद्रांच्या टाक्यांत काम करतात ते जिवाणूच, अगदी साधे, 1914मध्ये मँचेस्टरला ही हवा देऊन सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत निघाली तेव्हापासूनचे. वीज जळते ती त्यांना हवा पुरवणाऱ्या ब्लोअरवर. म्हणजे मेसेजवाल्यांना हवी असलेली पिंपं आहेतच, फक्त आपलं सांडपाणी तिथपर्यंत पोचायला हवं.

मेसेज पहिल्यांदा टाकणाऱ्या काकांना मी एवढंच विचारलं, आपल्या सोसायटीची ड्रेनेज लाइन मुख्य वाहिनीला जोडलीय की मागच्या नाल्याला? दोन निळ्या खुणा आल्यात. सेक्रेटरींकडून नकाशा मागवलाय.