'अंडरवॉटर'वर अन्याय झालाय

काल रात्री 'अंडरवॉटर' तिसऱ्यांदा पाहिला, आणि आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

२०१७ साली शूटिंग झालेला हा सिनेमा जवळजवळ तीन वर्षं पडून होता. मधल्या काळात डिस्नेने फॉक्स विकत घेतलं आणि शेवटी १० जानेवारी २०२० रोजी तो कसाबसा थिएटरात लागला. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स' या नावाने आलेला हा शेवटचा सिनेमा. खर्च निदान पाच कोटी डॉलर, जगभरातली कमाई चार कोटींच्या आसपास. अंतराळयानातल्या राक्षसाचा जुना भयपट 'एलियन', त्याचीच ही पाण्यातली नक्कल, असं म्हणून बऱ्याच समीक्षकांनी त्याला निकालात काढलं. दुसरी तक्रार अशी, की पात्रांची नीट ओळखच होत नाही.

माझं भांडण या दुसऱ्या तक्रारीशी आहे.

सुरुवात आठवा. मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खोल, ड्रिलिंगचं स्टेशन. नोरा (क्रिस्टन स्टुअर्ट) अनवाणी उभी राहून दात घासतेय. बेसिनमध्ये एक कोळी. वरून पाण्याचे थेंब. आणि बघता बघता अख्खा कॉरिडॉर चेपत तिच्या मागे येतो. ती जिवाच्या आकांताने दारापाशी पोचते. मागून दोघं धावत येताना दिसतायत. आणि ती दार लावते.

तेवढ्या खोलवर नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त दाब असतो. ती थांबली असती तर कुणीच वाचलं नसतं. ती मेकॅनिकल इंजिनियर आहे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? या बाईची आणखी कोणती ओळख हवी होती? लहानपणीचा फ्लॅशबॅक?

नोराचा सहकारी रॉड्रिगो, त्याचं मरण बघा. राक्षस अजून धड दिसलेलाही नाही. डोक्यावरचं हेल्मेट सदोष निघतं आणि पाण्याचा दाब त्याचा घास घेतो. माझ्या अंगावर सगळ्यात जास्त काटा इथे आला. शेवटी दिसणारा तो अजस्र प्राणी म्हणजे भयकथालेखक लव्हक्राफ्टच्या कथांमधला महाकाय राक्षस क्थुलू, हे दिग्दर्शक विल्यम युबँकने नंतर स्वतःच सांगितलं. पण खरी भीती पाण्याचीच आहे.

उणिवा आहेतच. टी. जे. मिलर या नटाचे विनोद भलत्या वेळी येतात, आणि गढूळ पाण्यातल्या काही प्रसंगांत कोण कुठे आहे तेच कळत नाही. म्हणून बघायचाच तर पूर्ण अंधार करून, हेडफोन लावून बघा. श्रेयनामावली सुरू झाली की लगेच उठू नका. त्यातली वर्तमानपत्रांची कात्रणं वाचा. एवढं सगळं घडल्यावरही कंपनी पुन्हा ड्रिलिंगच्या तयारीत आहे.

आणि एक गोष्ट, जी मला तिसऱ्या वेळी दिसली. सुटकेच्या पॉड तीन, त्यातली एक बिघडलेली. नोरा मागे राहते. सुरुवातीला दोघांवर दार लावणारी ही बाई शेवटी एमिली आणि स्मिथ या दोघा सहकाऱ्यांना वर पाठवते.