बायको मोठी म्हणून नवऱ्याचं आयुष्य घटत नाही

आमची ताई 37 वर्षांची, होणारे भावजी 31 चे. परवा घरच्या ग्रुपवर आत्यानं मेसेज पाठवला: ‘वधू वरापेक्षा मोठी का नसावी? पाच शास्त्रीय कारणं.’ आईनं तो दोनदा वाचला, गॅस बंद केला आणि ताईला हळूच म्हणाली, “पाहुण्यांना तुझं वय बत्तीस सांगू या का?” ताई काहीच बोलली नाही. मला मात्र गप्प बसवत नाही.

पहिलं कारण कायद्याचं. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा, म्हणजे सरकारनंच बायको लहान ठरवलीय म्हणे. अहो, ती किमान वयं आहेत. त्यापुढे कोण किती मोठं असावं याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. उलट विधी आयोगानं ऑगस्ट 2018 मध्ये कौटुंबिक कायद्यांवरच्या सल्लापत्रात या तीन वर्षांच्या फरकावरच बोट ठेवलंय. लग्न करणारी दोघं बरोबरीची असतात, त्यामुळे या फरकाला कायद्याचा आधार नाही आणि बायको नवऱ्याहून लहानच हवी हा समज त्यातून पक्का होतो, असं आयोगानं स्पष्ट म्हटलंय. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं तरी वाचायचं होतं.

दुसऱ्या कारणानं माझं डोकंच फिरलं. ‘मोठ्या स्त्रीच्या शरीराची उष्णता नवऱ्याचं आयुष्य खाते.’ शरीरशास्त्रात असलं काहीही नाही. पण उद्या भावजींना काही झालं तर बोटं कुणाकडे वळतील, याची तयारी या एका वाक्यानं करून ठेवलीय. आमच्या आजीचे यजमान गेले तेव्हा ती 23 वर्षांची होती. ‘नवऱ्याला खाल्लं’ हे तिनं मरेपर्यंत ऐकलं. आणि ती आजोबांपेक्षा 11 वर्षांनी लहान होती! म्हणजे लहान असली तरी तीच, मोठी असली तरी तीच. हे आत्याला ठाऊक आहे. तिची आईच ती.

तिसरं, पूर्वजांचं शहाणपण. न्यायमूर्ती रानड्यांना विधवेशी लग्न करायचं होतं. वडिलांपुढे चाललं नाही आणि 1873 साली 31 व्या वर्षी त्यांचं लग्न 11 वर्षांच्या रमाबाईंशी लागलं. आज असं स्थळ कुणी आणलं तर आत्याच त्याला दारातून परत पाठवेल.

मूल होण्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हे मान्य. पस्तिशीनंतर गर्भ राहणं अवघड होत जातं. पण 37 वर्षांच्या बाईनं 42 च्या नवऱ्याशी लग्न केलं तर तिचं वय कमी होतं का? पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतोच. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

पाचवं, हे पाश्चात्त्य फॅड आहे. अंजली तेंडुलकर सचिनपेक्षा पाच वर्षांहून मोठ्या आहेत आणि त्यांचं लग्न 1995 चं. पुढे काय बोलायचं?

सोमवारी ताईनं विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. वयाच्या रकान्यात 37 लिहिलं. तीस दिवसांनी लग्न, साक्षीदार तीन लागतात. बाबा आहेत, मी आहे. तिसरी सही आत्याची असावी, असं ताईला अजूनही वाटतं.