सहा दिवसांचं अधिवेशन आणि राजपत्रातले नियम

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने राजपत्रात एक अधिसूचना काढली आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, राज्य नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेला 25 टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी राखून ठेवायची गरज उरली नाही. महाल, इतवारी, सदर, सीताबर्डी, आपलं कुठलंही जुनं नागपूर डोळ्यासमोर आणा. एक किलोमीटरच्या आत महापालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधून सापडणार नाही. म्हणजे संसदेने 2009 मध्ये कायदा करून मुलांना दिलेला हक्क शहरी भागातून जवळपास पुसला गेला. त्यासाठी विधेयक मांडलं गेलं नाही, वाचन झालं नाही, एकाही आमदाराला हात वर करावा लागला नाही.

6 मे ला मुंबई उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला ती रद्दच केली. मूळ कायद्याशी विसंगत नियम सरकार करू शकत नाही, हे न्यायालयाला सांगावं लागलं. पण तोवर शाळा सुरू झाल्या होत्या. हातात प्रवेशाच्या सोडतीचा मेसेज नाही, दुसरीकडे फी भरून प्रवेश घ्यायची ऐपत नाही, अशा अवस्थेत पहिलीतल्या मुलांच्या आईवडिलांनी ते महिने काढले. आमच्या वस्तीत आरटीईचे फॉर्म भरायला मी मदत करतो, म्हणून ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. धुणीभांडी करणारी, ई-रिक्षा चालवणारी. कायदा संसद करते आणि तो बदलायचा तर सभागृहात बदलावा लागतो, असा त्यांचा साधा विश्वास होता. तो चुकीचा का असावा?

ही पोस्ट मी आरटीईपुरती लिहीत नाहीये. मला बोलायचंय ते या रस्त्याबद्दल. विधिमंडळ कायद्याचा सांगाडा मंजूर करतं. पुढचा तपशील, म्हणजे कोणाला लागू, कोणाला सूट, फी किती, अपील कुठे, हे सगळं 'विहित करण्यात येईल' म्हणून सरकारवर सोडलं जातं. मग खातं नियम करतं, राजपत्रात छापतं आणि ते लागू होतात. यालाच दुय्यम विधिविधान म्हणतात. नाव दुय्यम असलं तरी सामान्य माणसाची गाठ याच्याशीच पडते. तहसील कार्यालयाच्या खिडकीवरचा बाबू मूळ कायदा दाखवत नाही, नियम दाखवतो.

आता कोणी म्हणेल, हे नियम सभागृहाच्या पटलावर ठेवावे लागतात ना! ठेवावे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक कायद्यांत तसं कलम असतं आणि ते प्रत्येकाने एकदा नीट वाचावं. अधिवेशन चालू असताना एकूण 30 दिवस नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. तो बदलायचा किंवा रद्द करायचा असेल, तर विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही सहमत व्हायला हव्यात. म्हणजे बहुमत ज्यांचं, त्यांनीच आपल्याच मंत्र्याचा नियम पाडायचा. समजा तसं घडलंच, तरी तोवर त्या नियमाखाली जे झालं ते वैध राहतं. ज्याचा परवाना गेला त्याचा गेला. आणि 30 दिवस मोजायचे कधी? डिसेंबर 2024 मध्ये नागपूरचं अधिवेशन सहा दिवसांचं झालं. त्यात पुरवणी मागण्या, विधेयकं, लक्षवेधी, शोकप्रस्ताव. पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी कोणता आमदार उघडून बघणार?

आरटीईत तर एवढंही नाही. केंद्राने केलेल्या नियमांत संसद बदल करू शकते, असं त्या कायद्याच्या कलम 38 मध्ये स्पष्ट लिहिलंय. राज्याच्या नियमांबद्दल फक्त एवढंच, की ते विधिमंडळापुढे ठेवावेत. ठेवल्यावर विधिमंडळाने काय करायचं, यावर ते कलम गप्प आहे.

शासन निर्णयांची, आपल्या भाषेत जीआरची, गोष्ट वेगळीच. ते बहुतेक वेळा पटलावरसुद्धा येत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती लोकप्रतिनिधी स्वतःहून अधिकार सोडून देतात तेव्हा. माहिती अधिकाराचं उदाहरण घ्या. 2005 च्या कायद्यात माहिती आयुक्तांची मुदत पाच वर्षं असं कायद्यातच लिहिलेलं होतं, त्यांचा दर्जाही त्यातच ठरलेला होता. त्यांच्यावर कोणाचा दबाव येऊ नये, हा त्यामागचा विचार. 2019 च्या दुरुस्तीने ही मुदत आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, राज्यांच्या आयुक्तांचासुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम आले आणि मुदत तीन वर्षांवर आली. उद्या ती आणखी कमी करायची तर संसदेत नवं विधेयक आणायची गरज नाही. माहिती आयोगाच्या आपल्या नागपूर खंडपीठात अपिलासाठी खेटे घालणाऱ्या प्रत्येकाशी याचा थेट संबंध आहे.

याची उलटी बाजूही तितकीच गंभीर आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर 2019 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम मार्च 2024 मध्ये आले. त्या कायद्याच्या बाजूने असा की विरोधात, संसदेने केलेला कायदा कधी चालू करायचा हे चार वर्षं सरकारने ठरवलं.

न्यायालयं आहेत, त्यांनी वाचवलंही आहे. सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे की नाही, हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवावं, असा नियम 2023 मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि मग 20 सप्टेंबर 2024 ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो घटनाबाह्य ठरवला. त्यांची वकिलीची अनेक वर्षं उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठात गेली, म्हणून इथल्या अनेकांना त्या निकालाचा विशेष आनंद झाला. मलाही झाला. पण न्यायालय नियम कायद्यात आणि घटनेत बसतो का एवढंच बघतं. तो शहाणपणाचा आहे का, कोणाचं नुकसान होईल, हे विचारायचं काम निवडून आलेल्यांचं आहे. आणि प्रत्येक नियमाविरुद्ध याचिका करायला पैसा, वकील आणि वेळ कोणाकडे असतो?

सगळे नियम विधिमंडळातच करा, असं माझं म्हणणं नाही. अर्जाचा नमुना, वजनमापाचे तपशील, साथीच्या काळातली तातडी, यासाठी सरकारला मोकळीक लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच दिल्ली कायदे प्रकरणात रेघ आखून दिली आहे: तपशील सोपवता येतो, धोरण ठरवायचं मूळ काम सोपवता येत नाही. एखाद्या मुलाला शाळेत जागा मिळणार की नाही, हा माझ्या मते तपशील नव्हे.

म्हणून मी माझ्या आमदारांना पत्र लिहिलंय. पक्षाचा उल्लेख करत नाही, कारण सत्तेत कोणीही असलं तरी मागणी हीच राहील. विधेयक मांडताना नियमांचा मसुदा सोबत द्या. नागरिकांचा हक्क कमी करणारा किंवा दंड वाढवणारा नियम दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याशिवाय लागू होऊ देऊ नका. नियम तपासणाऱ्या समितीच्या अहवालावर प्रत्येक अधिवेशनात किमान अर्धा दिवस चर्चा ठेवा. आणि हिवाळी अधिवेशनात एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, विचारा: गेल्या वर्षभरात प्रत्येक खात्याने किती नियम केले, त्यातले किती पटलावर ठेवले आणि कितींवर सभागृहात एक शब्द तरी बोलला गेला?

ज्यांना हे पत्र आपापल्या आमदारांना पाठवायचंय, त्यांनी मेसेज करा. मजकूर देतो. नाव माझं नको, तुमचं आणि तुमच्या मतदारसंघाचं लिहा.