‘ऑडिओ सरकवा, सिंक होईल’ हा सल्ला कुठे फसतो

‘व्हिडिओ एडिट करताना आवाज ओठांशी जुळत नसेल तर ऑडिओ अनलिंक करा (चित्रापासून वेगळा करा) आणि सुरुवातीला जुळेपर्यंत सरकवा. तरी बिघडलं तर सेकंदाला 60 फ्रेमवर एक्स्पोर्ट करा. मोबाइलचं फुटेज कन्व्हर्ट मात्र करू नका, क्वालिटी जाते.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यापायी लोक तासन्‌तास ट्रॅक पुढे-मागे करत बसतात.

‘सुरुवातीला जुळवलं की पुढे जुळतंच.’ फरक सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असेल, तरच. त्यामुळे आधी दोन्ही टोकं मोजा. जुळवण्यासाठी शूटिंगच्या वेळी वाजवलेली टाळी नसेल तर ‘प’, ‘ब’ किंवा ‘म’ शोधा: ओठ मिटून उघडतात ती फ्रेम आणि वेव्हफॉर्ममधली (आवाजाच्या आलेखातली) उसळी यांत किती अंतर आहे ते पाहा. दोन्हीकडे चार फ्रेम असतील तर खुशाल सरकवा. सुरुवातीला शून्य आणि दहाव्या मिनिटाला 18 फ्रेम असतील, तर 29.97 आणि 30 या फ्रेम रेटची (सेकंदाला किती फ्रेम) गल्लत झाल्याची दाट शक्यता आहे. हा 0.1 टक्क्याचा फरक तासाला 3.6 सेकंद होतो. क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये फ्रेम रेट दुरुस्त करा, ट्रॅकला हात लावू नका.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर दोन्ही यंत्रांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. अशा वेळी पहिल्या आणि शेवटच्या टाळीमधलं अंतर दोन्हीकडे मोजा. समजा व्हिडिओत ते 40 मिनिटं आहे आणि ऑडिओत 39 मिनिटं 57.6 सेकंद. 2397.6 भागिले 2400, म्हणजे ऑडिओचा स्पीड 99.9 टक्के ठेवायचा. पिच (आवाजाची पट्टी) कायम ठेवण्याचा पर्याय बंदच असू द्या; एवढ्याशा बदलाने सूर बदललेला कानाला कळत नाही, उलट पिच दुरुस्तीमुळेच आवाज खरबरीत होऊ शकतो. स्पीड लावल्यावरच पहिली टाळी जुळवा.

जुन्या कॅसेटवरून घेतलेल्या फुटेजमध्ये फरक मध्येच उडी मारतो, कारण कॅप्चर करताना फ्रेम गळलेल्या असतात. तिथे कुठलीच टक्केवारी कामाची नाही. पुन्हा कॅप्चर करा, नाहीतर प्रत्येक उडीपाशी कापून जुळवा.

‘60 फ्रेमवर एक्स्पोर्ट करा.’ याने त्याच फ्रेम दोनदा येतात. चूक जशीच्या तशी राहते, फाइल मात्र फुगते.

‘कन्व्हर्ट केलं तर क्वालिटी जाते.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. बरेच मोबाइल फ्रेम रेट कमी-जास्त करत शूट करतात. उजेड कमी झाला की फ्रेमही कमी होतात. एडिटर तो रेट स्थिर धरून चालला की आवाज हळूहळू सुटत जातो. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसलं तर हँडब्रेक या कन्व्हर्टरच्या व्हिडिओ टॅबमध्ये 30 निवडून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा (शूटिंग 25 चं असेल तर 25) आणि आरएफ (क्वालिटीचा आकडा, कमी म्हणजे चांगली) 18 च्या आसपास ठेवा. या सेटिंगला घरगुती फुटेजमधला फरक डोळ्याला जवळपास दिसत नाही. हे एडिटिंगच्या आधी करायचं, कट मारून झाल्यावर नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

आणि हे सगळं तपासताना वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथवर आवाज 150-200 मिलीसेकंद सहज उशिरा येतो. 30 च्या टाइमलाइनवर त्या पाच-सहा फ्रेम झाल्या. त्या ‘दुरुस्त’ केल्या तर एक्स्पोर्टमध्ये आवाज ओठांच्या आधी येईल, आणि आधी आलेला आवाज उशिरा आलेल्यापेक्षा लवकर खटकतो.